झेंडा सुनंदाने धुतला नव्हता

हा प्रवास मी पूर्वी एकदा लिहिला आहे, आणि खोटा लिहिला आहे. खरा लिहायचं मी कित्येक वर्षं टाळलं.

आमच्या दिंडोशीच्या वसाहतीत ज्येष्ठ नागरिकांचं एक मंडळ आहे. त्याचा दिवाळीला अंक निघतो. फ्रान्सहून परतल्यावर मंडळींनी आग्रह केला, म्हणून मी त्यात पाच पानं लिहिली. पावाची दुकानं, द्राक्षाचे मळे, सुनेची आजी, सगळं होतं. पण लोकांच्या लक्षात राहिला तो झेंड्याचा किस्सा. फ्रान्समधल्या एका खेड्यात माझ्या बायकोने गावाचा जुना झेंडा मळका दिसला म्हणून धुऊन टाकला आणि गावभर कशी धांदल उडाली, अशी ती गंमत. पुढे कितीतरी दिवस कट्ट्यावर सुनंदा दिसली की कोणीतरी विचारायचं, "काय वहिनी, आज कुठल्या देशाचा झेंडा भिजत घातलाय?" ती हसायची. मीही हसायचो.

झेंडा मी धुतला होता. म्हणून तो प्रवास पुन्हा लिहितो. मंडळाच्या अंकात याला जागा मिळाली तर बरं, नाही मिळाली तर झेरॉक्स काढून वाटीन.

गावात

आमचा मुलगा नीलेश लियाँ शहरात नोकरीला आहे. तिथेच त्याने क्लेअरशी लग्न केलं. क्लेअर चांगली मुलगी आहे. मराठी तिला येत नाही, पण इंग्रजी आमच्यासारखंच सावकाश बोलते, त्यामुळे माझं जमायचं. सुनंदाला इंग्रजी येत नव्हतं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे झालं ते त्यामुळेच निभावलं.

विमानाबद्दल सांगण्यासारखं काही नाही. सुनंदाने मुंबईपासून तिकडे उतरेपर्यंत पट्टा सोडला नाही, एवढंच. पहिला आठवडा लियाँमध्ये गेला. मग क्लेअर म्हणाली, माझ्या आजीच्या गावी वार्षिक जत्रा आहे, चला. क्लेअर आजीला 'मेमे' म्हणते. गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. सुनंदाला ते उच्चारता यायचं नाही, ती मेमेचं गावच म्हणायची.

गाव डोंगराच्या उतारावर आहे. खाली नदी, वर द्राक्षाचे मळे, मध्ये पिवळ्या दगडाची घरं. आमच्या वसाहतीतल्या एका इमारतीत राहतात तेवढी माणसं त्या सबंध गावात असतील. चौकात एक चर्च, एक पावाचं दुकान, एक बंद पडलेली शाळा आणि गावपंचायतीची इमारत. पंचायतीवर तीन झेंडे लावलेले होते. एक फ्रान्सचा, एक युरोपचा आणि एक गावाचा स्वतःचा. मला याचं फार नवल वाटलं. एवढ्याशा गावाला स्वतःचा झेंडा. पांढऱ्या कापडावर सोनेरी किल्ली, तिच्या शेजारी द्राक्षाचा घोस आणि खालच्या कोपऱ्यात जांभळट तपकिरी रंगाची एक कमान, अर्ध्या चंद्रासारखी.

"ते काय रे?" मी नीलेशला विचारलं.

"असेल काहीतरी बाबा. क्लेअरला विचारा."

मी विचारलं नाही. चंद्र असणार, असं स्वतःच ठरवून टाकलं. माझा स्वभावच तो. समोरच्याला विचारण्यापेक्षा आपण ओळखण्यात मला मोठेपणा वाटायचा.

मेमे तेव्हा ऐंशीच्या आसपास होती. काटक, पाठीत थोडी वाकलेली, तोंडात सतत काहीतरी गाणं. पहिल्या संध्याकाळी तिने सूप, मसूर आणि तीन तऱ्हेचं चीज मांडलं. चीजच्या वासाने सुनंदाचा चेहरा असा झाला की मेमे पोट धरून हसली. मसूर मात्र सुनंदाने ओळखले. "मसूरच की हो हे, हिरवे," असं म्हणून तिने दुसऱ्यांदा वाढून घेतले.

जेवताना सुनंदाने कापलेला पाव टेबलावर पालथा ठेवला. मेमेने न बोलता हात पुढे करून तो सुलटा केला. क्लेअरने सांगितलं, पूर्वी फाशी देणाऱ्याचा पाव भट्टीवाले पालथा ठेवत, म्हणून घरात पालथा पाव अपशकुनी. मी ते मराठीत सांगताच सुनंदाने कानाच्या पाळीला हात लावला. "माझी आई केरसुणीला पाय लागला तर नमस्कार करायला लावायची," ती म्हणाली. "घर कुठलंही असो, असं काहीतरी असतंच. आपण बघून वागायचं." त्यानंतर त्या घरातल्या कुठल्याही वस्तूला तिने विचारल्याशिवाय हात लावला नाही. बोलता येत नव्हतं तर ती वस्तूकडे बोट दाखवून मेमेकडे बघायची, मेमेने मान हलवली की मगच उचलायची.

दुसऱ्या दिवशी तिने बरोबर आणलेल्या बेसनाची कांदाभजी केली. मेमेने ती वाईनबरोबर खाल्ली आणि कढईतली कुरकुरीत चुरी सुद्धा चमच्याने काढून घेतली. दोघी दुपारभर अंगणात शेंगा सोलत बसल्या. एक फ्रेंच बोलत होती, एक मराठी बोलत होती आणि दोघींचं छान चाललं होतं. मला त्याचा थोडा हेवा वाटला, हेही कबूल करतो.

शनिवार

जत्रा रविवारी होती. गावाचा मूळ झेंडा पंचायतीत नसतो. तो दर वर्षी एका घरी मुक्कामाला असतो आणि जत्रेच्या दिवशी मिरवून पुढच्या घरी जातो. नीलेशने हे सांगितल्यावर मी म्हटलं, अरे, ही तर आपली पालखी झाली. त्या वर्षी झेंडा मेमेकडे होता. शुक्रवारी संध्याकाळी तिने कपाटातून तो काढला आणि वरच्या खोलीत टेबलावर पसरून ठेवला. जाड तागाचं कापड, हाताने टाके घालून बसवलेली किल्ली आणि घोस. कापड पांढरं नव्हतं, दुधावरच्या सायीसारखं झालेलं. आणि खालच्या बाजूला ताटाएवढा एक डाग. मध्ये फिका, एका कडेला गडद.

मी अंधेरीला विमानतळाजवळच्या एका मोठ्या हॉटेलच्या लाँड्रीत आयुष्य काढलं. वडील गिरणीत गेले, मी लाँड्रीत गेलो आणि सुपरवायझर होऊन निवृत्त झालो. लाँड्रीची एक शिस्त असते. पाहुण्याला डाग कशाचा हे विचारायचं नाही. रक्त असेल, लिपस्टिक असेल, आमटी असेल. आपण ओळखायचं, काढायचं आणि कपडा असा परत द्यायचा की डाग होता हे पाहुण्यानेही विसरावं. या कामात माझा हात धरणारा कोणी नव्हता. टेबलावरचा डाग मी दारातूनच ओळखला. रेड वाईन, फार जुनी.

शनिवारी सकाळी नीलेश, क्लेअर आणि मेमे शेजारच्या मोठ्या गावी बाजाराला गेली. आम्ही दोघंच घरी होतो. मी वर जाऊन झेंडा खाली आणला.

सुनंदा ओट्यापाशी होती. "हे कशाला आणलंत?"

"धुतो. उद्या मिरवणूक आहे आणि याची दशा बघ."

"त्यांना विचारलंत?"

"विचारायचं काय त्यात? म्हातारीला झेपत नसेल. आपल्या गावाला शिमग्याच्या आधी निशाण धुतात की नाही? मळक्या निशाणाने पालखी नाचवलेली बघितलीस कधी?"

"आपल्या गावाला ते गुरव धुतो," सुनंदा म्हणाली. "तुम्ही नाही धूत. तुम्ही तर हातही लावत नाही. ठेवा बघू होतं तिथे."

"तुला कळत नाही त्यातलं."

"धुण्यातलं नसेल कळत. दुसऱ्याच्या देवाला हात लावू नये एवढं कळतं."

"देव कुठला, झेंडा आहे तो."

ती आणखी एकदा म्हणाली, "अहो, राहू द्या." मी ऐकलं नाही. धुण्याच्या खोलीत पावडरीचा एक डबा होता. वरचं फ्रेंच वाचता आलं नाही, पण एक नाव आमच्या लाँड्रीतल्या पावडरीचंच होतं. मी पाणी तापवलं, टाके सुटू नयेत म्हणून कापड दुमडून बुडवलं, उलथंपालथं केलं, पाणी बदललं. माझे हात अजून सगळं विसरले नव्हते. इतक्या वर्षांचा डाग हळूहळू सुटला, पाणी चहासारखं झालं. मला खरोखर आनंद झाला होता. निवृत्तीनंतर इतका आनंद मला कशाचा झाला नव्हता.

झेंडा अंगणातल्या दोरीवर टाकला आणि आता सगळ्यांसाठी ताजा पाव आणावा म्हणून मी चौकात गेलो. दुकानात रांग होती. लोक हसून काहीतरी म्हणत होते, मीही 'बोंजूर' म्हणत होतो. दोन लांब पाव काखेत धरून मी रुबाबात परत आलो.

गाडी दाराशी उभी होती. अंगणात दोरीपाशी सुनंदा होती. ऊन चढल्यावर भरतकामाचा रंग उडू नये म्हणून ती झेंडा सावलीत घ्यायला गेली होती, तो तिच्या दोन्ही हातांवर होता आणि चिमटे तिच्या पदराला लावलेले होते. मेमे तिच्यासमोर उभी होती. मेमे ओरडली नाही. तिने झेंडा घेतला, खालचा कोपरा शोधला, त्यावरून बोटं फिरवली, मग दुसरी बाजू पाहिली, पुन्हा पहिली पाहिली. आणि पायरीवर खाली बसली.

"आई, तू हे काय केलंस?" नीलेश ओरडत होता. "कोणी सांगितलं होतं तुला? वाट लावलीस सगळी."

सुनंदाने माझ्याकडे पाहिलं. मी बोलायची ती वाट पाहत होती.

मी बोललो. "अरे, जाऊ दे," मी म्हटलं. "तिला बिचारीला काय कळणार? भलं करायला गेली."

हेच वाक्य. मी ते अगदी मायेने म्हटलं. ऐकणाऱ्याला वाटावं, नवरा बायकोची बाजू घेतोय. सुनंदाने पदराचे चिमटे एकेक करून काढले, टोपलीत टाकले आणि आत गेली.

मेमेने सांगितलेली हकीकत

जेवायला कोणी बसलं नाही. नुसते टेबलाभोवती बसलो. मेमे बोलली आणि क्लेअरने इंग्रजीत सांगितलं. नीलेश मान खाली घालून आईसाठी त्याचं मराठी करत होता.

गाव मोठ्या रस्त्यावर होतं. मळ्यांच्या तळघरांची किल्ली पूर्वी गावाकडे सामाईक असायची, म्हणून झेंड्यावर किल्ली. युद्धात परकं सैन्य आलं, तेव्हा झेंडे लावायला बंदी झाली, असलेले जमा करायचा हुकूम निघाला. मेमेचे वडील पिंपं बनवायचे. त्यांनी गावाचा झेंडा एका रिकाम्या पिंपाच्या दुहेरी तळात लपवला आणि वर वाईन भरून ते पिंप इतर पिंपांत ठेवून दिलं. आतला तळ थोडा झिरपला. सैनिकांना कोणीतरी बातमी दिली. त्यांनी तळघर उलथंपालथं केलं, पिंपं फोडली, पण ते एक राहिलं. वडिलांना विचारलं. त्यांनी सांगितलं नाही. त्यांना घेऊन गेले. मेमे तेव्हा सात वर्षांची होती, ती वडिलांच्या कोटाला धरून चौकापर्यंत गेली होती. ते परत आले नाहीत. कुठे पुरलं तेही कळलं नाही. त्यांची कबर नाही.

युद्ध संपल्यावर झेंडा निघाला, तेव्हा त्यावर वाईनची ती कमान उमटलेली होती. गावाने ती तशीच ठेवायची ठरवली. पंचायतीसाठी नवा झेंडा करायला दिला, त्यात ती कमान रंगाने छापून घेतली. मी चंद्र समजलो होतो तो हा डाग. आणि दर जत्रेला मिरवणूक चौकात थांबते, त्या वेळी प्रत्येक माणूस पुढे येऊन डागाला हात लावतो. मेमे म्हणाली, मला वडिलांना हात लावायला तेवढीच जागा होती.

मी खुर्चीत बसून होतो. त्या क्षणी सांगता आलं असतं. सांगायला चार शब्द पुरले असते. पण मी लाँड्रीचा सुपरवायझर, ज्याने आयुष्यभर डाग ओळखले, त्याला सगळ्यांसमोर हे म्हणवलं नाही. सुनंदा माझ्याकडे बघत नव्हती. तिचे डोळे मेमेच्या हातांवर होते आणि त्यातून पाणी वाहत होतं. सगळ्यांना ते पश्चात्तापाचं वाटलं.

रविवार

मिरवणूक झाली. बँड होता, लहान मुलांच्या डोक्यावर द्राक्षाच्या पानांच्या माळा होत्या. मेमेने झेंडा स्वतः धरला होता. तो स्वच्छ, पांढराशुभ्र दिसत होता. इतकं चांगलं काम मी हॉटेलातही क्वचित केलं असेन.

चौकात मिरवणूक थांबली. लोक एकेक करून पुढे आले. हात पुढे जायचा आणि कुठे ठेवायचा हे न कळून मध्येच थबकायचा. काहींनी अंदाजाने कापडाला बोट लावलं. एक म्हातारा बराच वेळ उभा राहिला आणि हात न लावताच मागे गेला. आपल्याकडे असं झालं असतं तर शिव्या पडल्या असत्या, मिटिंग भरली असती, दंड ठोठावला असता. तिथे कोणी चकार शब्द काढला नाही. फक्त बातमी सगळ्यांना होती. मोरपंखी नऊवारी नेसून सुनंदा चर्चच्या भिंतीला टेकून उभी होती, आणि लोक तिच्याकडे बघून लगेच दुसरीकडे बघत होते. एका बाईने तिला केकचा तुकडा आणून दिला. तिने तो शेवटपर्यंत हातात धरून ठेवला.

दुपारी लांब टेबलांवर जेवणं चालू असताना मेमे आमच्यापाशी आली. नीलेश बिअर आणायला गेला होता. मेमेने सुनंदाचे दोन्ही हात हातात घेतले आणि काहीतरी विचारलं. क्लेअरने मला इंग्रजीत सांगितलं, "मेमे म्हणतेय, मी रागावलेले नाही. तुम्ही प्रेमाने केलंत हे मला माहीत आहे. मला एवढंच समजून घ्यायचंय, की त्या वेळी तुम्हाला कोणी थांबवलं नाही का?"

"काय विचारतात?" सुनंदाने मला विचारलं.

"म्हणतात, काही हरकत नाही," मी म्हटलं.

"एवढंच? विचारल्यासारखं वाटलं."

"एवढंच."

सुनंदाने मेमेकडे बघून मान हलवली. क्लेअर माझ्या उत्तराची वाट बघत होती. मी तिला इंग्रजीत सांगितलं, "नाही, थांबवायला कोणी नव्हतं." मेमेने सुनंदाचे हात थोपटले आणि ती दुसऱ्या टेबलाकडे गेली. ज्या बाईने मला दोनदा थांबवलं होतं, तिच्या तोंडचं उत्तर मी असं दिलं.

संध्याकाळी झेंडा पुढच्या घरी गेला. आम्ही लियाँला परतलो. पुलावरून जाताना खाली नदी फार सुंदर दिसत होती, आणि आधीच्या लेखात मी त्या नदीवर पाऊण पान लिहिलं होतं.

दिंडोशी

घरी आल्यावर पहिले काही दिवस सुनंदा माझ्याशी कामापुरतं बोलली. भांडण केलं असतं तर मी कदाचित सगळ्यांपुढे कबूल केलं असतं. मग नीलेशनेच फोनवर मावशीला ती हकीकत गंमत म्हणून सांगितली, मावशीने आणखी कोणाला सांगितली, आणि बघता बघता ती घरातली गंमत झाली. लग्नात, बारशात कोणीतरी म्हणायचं, वहिनींना तो झेंडा सांगायला लावा. ती सांगायची नाही. मग मी सांगायचो. सांगता सांगता मी ती रंगवायला शिकलो आणि शेवटी छापून आणली. अंक घरी आला तेव्हा तिने तो चष्मा लावून पूर्ण वाचला आणि रद्दीच्या गठ्ठ्यावर ठेवला. "नदीचं छान लिहिलंय," म्हणाली.

दोन वर्षांनी मेमे गेल्याचा फोन आला. सुनंदाने त्या दिवशी आंघोळ करून दिवा लावला आणि हिरवे मसूर मिळतात का म्हणून मला मालाडच्या बाजारात पाठवलं. मिळाले नाहीत.

पुढे तिचं दुखणं सुरू झालं. हॉस्पिटलातून घरी आणल्यावर ती खिडकीजवळच्या पलंगावर असायची. एका दुपारी, मी तिला मोसंबी सोलून देत होतो, तेव्हा मी मनाचा हिय्या केला. आता म्हणायचंच.

"सुनंदा, मेमेच्या गावचा तो झेंडा," मी सुरुवात केली.

"त्याचं काय?"

"तो मी धुतला. आणि मी तिथे..."

"मला कशाला सांगताय?" ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, दमणूक होती. "मला माहीत नाही का कोणी धुतला? मी तिथेच उभी होते. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगा. नीलेशला फोन लावा. माझ्यासमोर लावा."

मी फोन हातात घेतला. नीलेशचं नाव काढलं. "तिकडे आता सकाळ असेल," मी म्हटलं. "कामात असेल तो."

"मग संध्याकाळी लावा."

संध्याकाळी नीलेशचाच फोन आला. तिने तब्येतीचं सांगितलं, नातवाचं विचारलं आणि फोन माझ्या हातात दिला. मी म्हटलं, इकडे सगळं ठीक आहे, आई जेवते व्यवस्थित. ती माझ्याकडे बघत होती. मी फोन ठेवल्यावर तिने तोंड भिंतीकडे केलं. पुन्हा तिने तो विषय काढला नाही, आणि पुढच्या महिन्यात ती गेली.

नीलेशला आणि क्लेअरला हे आता वाचून कळेल. ते मला काय म्हणायचं ते म्हणतील, मी ऐकेन. त्या दुपारी मोसंबीची फोड हातात धरून मला सुनंदाला एवढंच म्हणायचं होतं, की तू थांबवलं होतंस, मी ऐकलं नाही, आणि मग तुझ्या नावावर टाकलं, मला माफ कर. तिने नीलेशला फोन लावायला सांगितलं आणि ते माझ्या तोंडातच राहिलं.